पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची विचारपूस सत्राच्या मध्यावर व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाचं नवं सत्र सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात स्वागत समारंभ, परिसराची ओळख, ग्रंथालयाची फेरी, नियमांची पुस्तिका असं सगळं एकदम नव्या मुलांच्या अंगावर येतं. त्यानंतर थेट परीक्षेच्या निकालापर्यंत त्यांना कोणी फारसं विचारत नाही. प्रथम वर्षाच्या वर्गांना मी बरीच वर्षं शिकवते आहे. मदतीची खरी गरज या मधल्या काळातच असते, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या आठवड्यात सगळेच नवखे असतात. कोणीही कोणाच्याही शेजारी बसतं, वर्ग कुठे आहे हे विचारायला संकोच वाटत नाही. महिना-दीड महिना उलटला की गट ठरून गेलेले असतात, पहिल्या असाइनमेंटची तारीख जवळ आलेली असते आणि ज्याला सुरुवातीचंच समजलेलं नाही, त्याला ‘आता कोणत्या तोंडाने विचारू?’ असं वाटू लागतं. आधी मागच्या बाकावर जाणारी, मग एखाददुसरं लेक्चर बुडवणारी आणि पुढे दिसेनाशीच होणारी मुलं याच दिवसांत हातून निसटतात. त्यांना आळशी ठरवणं सोपं आहे. व्हिन्सेंट टिंटो या अभ्यासकाने 1975 मध्येच मांडलं होतं की विद्यार्थी शिक्षण सोडतो तेव्हा प्रश्न केवळ बुद्धीचा किंवा तयारीचा नसतो. अभ्यासात आणि माणसांत तो किती मिसळू शकला, यावरही बरंच ठरतं.

शाळेत गृहपाठ तपासला जातो, चाचणी होते, चुकलं तर लगेच कळतं. विद्यापीठात हे सगळं एकाएकी थांबतं. युरोपच्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत, म्हणजे अभ्यासाचं काम मोजायच्या पद्धतीत, वर्षाला 60 श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचं काम धरलेलं असतं. त्यातले वर्गातले तास थोडेच, बाकीचा अभ्यास ज्याचा त्याने करायचा. श्रेयांकांचा हिशेब कुठे वेगळा असेल, पण वेळापत्रकातली रिकामी दुपार खरं तर अभ्यासाची असते, ही गोष्ट नव्या विद्यार्थ्याला नीट कोणी सांगत नाही.

अभ्यासाची पद्धतही जुनीच चालू राहते. धडा पुन्हा पुन्हा वाचायचा, रंगीत पेनाने रेघा ओढायच्या. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये केलेला प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. एकाच उताऱ्याचं काही विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचन केलं, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. मन लावून अभ्यास केलेल्या मुलाचा पहिला निकाल खराब का लागतो, याचं एक कारण इथे आहे. त्याची मेहनत खरी असते, पण हे त्याला निकालानंतर सांगून काय उपयोग?

एकटेपणाबद्दल पालकांना एक विनंती. दुसऱ्याच आठवड्यात फोनवर ‘मित्र झाले का?’ असं विचारू नका. साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तासांचा आणि घट्ट मैत्रीला 200 हून अधिक तासांचा सहवास लागतो, असं जेफ्री हॉल या अभ्यासकाच्या 2018 च्या अभ्यासातून दिसलं. मित्र नसणं ही त्या वेळी अगदी स्वाभाविक गोष्ट असते, पण त्या प्रश्नाने मुलाला ती स्वतःची उणीव वाटू लागते. आज काय केलंस, कोणाशी बोललास, एवढं विचारलं तरी पुरे.

‘आता मोठी झालीत, बोट धरून किती चालवायचं?’ हा आक्षेप सहकाऱ्यांकडूनही येतो. बोट धरा असं मी म्हणतच नाही. मोठ्या माणसालाही आपण कुठे कमी पडतोय हे वेळेवर कळायला हवं. चौथ्या आठवड्याच्या सुमारास गुण न धरता एक छोटी चाचणी घ्यावी आणि प्रत्येकाला त्यावर दोन ओळींचं उत्तर द्यावं. शिक्षकांना भेटण्याची वेळ फक्त फलकावर लावून भागत नाही, कारण तिथे अडचणीत सापडलेल्यांनीच जायचं असतं अशी मुलांची समजूत असते. म्हणून प्रत्येकालाच एकदा दहा मिनिटांसाठी बोलवावं. सलग गैरहजर राहणाऱ्याला नोटीस पाठवण्याआधी कोणीतरी फोन करावा. मोठ्या वर्गांत हे अवघड आहे, मला ठाऊक आहे. तिथे वरच्या वर्गातले विद्यार्थी मदतीला घेता येतील आणि त्यांना त्याचे श्रेयांकही देता येतील. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठाने तर 1972 मध्ये पहिल्या वर्षासाठी सत्रभर चालणारा स्वतंत्र अभ्यासक्रमच सुरू केला.

आपल्या वृत्तपत्रालाही यात बरंच करता येईल. वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतला एक प्रयोग 2011 मध्ये ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुरुवातीला परकं वाटणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं आणि ते हळूहळू ओसरतं, असे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव त्यांनी प्रथम वर्षाच्या मुलांना वाचायला दिले. तेवढ्या तासाभराच्या वाचन-लेखनानंतर त्यांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. प्रवेशाच्या दिवसांत आपण पुरवण्या काढता, गुणवंतांच्या मुलाखती छापता. तशीच थोडी जागा सत्राच्या मध्यावर द्यावी आणि पहिलं वर्ष अडखळत पार केलेल्या विद्यार्थ्यांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत छापावेत, ही विनंती.

आपली,
प्रथम वर्षाला शिकवणारी एक प्राध्यापिका