खुले पत्र: मायक्रोमोलच्या आकड्यावर निधी देऊ नका

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

सूर्यप्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या नॅनो-उत्प्रेरकांचे प्रस्ताव आपल्या खात्याकडे येतात. त्यांच्या पहिल्याच पानावर सहसा एक आकडा ठळक छापलेला असतो: एक ग्रॅम उत्प्रेरकामागे ताशी इतके मायक्रोमोल (म्हणजे मोलचा दशलक्षांश भाग) हायड्रोजन. त्या आकड्यावरून निधी ठरवू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

हा आकडा फुगवणे फार सोपे आहे. १०० मिलिग्रॅमऐवजी ५ मिलिग्रॅम भुकटी घ्या. वायू त्या प्रमाणात घटत नाही, भागायचे मात्र वीसपट लहान संख्येने.

दुसरी पळवाट पाण्यातच असते. उत्प्रेरकावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि मागे 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित रिकाम्या जागा, राहतात. इलेक्ट्रॉन हायड्रोजन देतात, होलांनी ऑक्सिजन काढायचा असतो. हे दुसरे काम अवघड, कारण एका ऑक्सिजन रेणूमागे चार होल लागतात. म्हणून पाण्यात मिथेनॉल किंवा ट्रायइथेनॉलअमाइन यांसारखे सहज ऑक्सिडाइझ होणारे रसायन घालतात. होल त्याचाच फडशा पाडतात, ऑक्सिजन निघतच नाही आणि हायड्रोजनचा आकडा झकास दिसतो. त्याला पाण्याचे विघटन म्हणता येत नाही. कॅडमियम सल्फाइडमध्ये तर होल उत्प्रेरकालाच खातात आणि विषारी कॅडमियम पाण्यात उतरते.

तेव्हा मागायचे ते असे: शुद्ध पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन २:१ प्रमाणात निघाल्याची, आणि दिवा बंद केल्यावर दोन्ही थांबल्याची नोंद. गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) नायट्रोजनही मोजलेला हवा. तो वाढत असेल तर हवा आत शिरते आहे आणि ऑक्सिजनचा आकडा खोटा आहे.

'नॅनो' या शब्दानेही भुलू नये. कण लहान असला की होलला पृष्ठभाग जवळ पडतो, हे खरे. पण पृष्ठभागाबरोबर त्यावरचे दोषही वाढतात आणि तिथे इलेक्ट्रॉन-होल पुन्हा एकमेकांना भेटून ऊर्जा उष्णतेत घालवतात. २०२० मध्ये ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटने ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशकणांपैकी किती कामी आले ते प्रमाण) गाठली, ती बारीक भुकटी करून नव्हे. स्फटिक निर्दोष होते आणि इलेक्ट्रॉन व होल वेगवेगळ्या पैलूंवर जात होते. तरीही सूर्यप्रकाशात हाच पदार्थ एक टक्क्याच्या आत राहतो, कारण तो फक्त अतिनील किरण शोषतो.

खरे मोजमाप एकच: पडलेल्या सौर ऊर्जेपैकी किती टक्के हायड्रोजनमध्ये साठली. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी १०० चौरस मीटरच्या पॅनेलवर कमाल ०.७६ टक्के दाखवले. दिवसाला प्रति चौरस मीटर ५ युनिट ऊन धरले, तर १ टक्का कार्यक्षमतेला प्रति चौरस मीटर जेमतेम दीड ग्रॅम हायड्रोजन मिळतो. रोज एका किलोसाठी सुमारे ६५० चौरस मीटर लागतील.

शिवाय भुकटीच्या पॅनेलमधून दोन्ही वायू मिसळूनच बाहेर पडतात आणि ते मिश्रण ठिणगीसरशी फुटते. हवेतसुद्धा हायड्रोजन ४ ते ७५ टक्के असला की पेट घेतो. वायू वेगळे करणारा पडदा, ज्वाला रोखणारी जाळी आणि त्यांच्या चाचण्या नसलेला 'प्रकल्प' अर्धवट समजावा.

आमची सूचना अशी: आधी छोटा हप्ता द्यावा. मग तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत, काहीही न मिसळलेल्या पाण्यात, प्रमाणित सौर प्रकाशाखाली सलग १,००० तास चालवून घ्यावा. उरलेली रक्कम त्या नोंदी हाती आल्यावर.

आपले,
प्रकाश-उत्प्रेरणावर काम करणारे संशोधक