वैमानिक घडतो कोणत्या विमानात, हेही विचारावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैमानिक-प्रशिक्षणावरचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. शुल्क, पात्रता, नोकरीच्या संधी यांची माहिती त्यात नेमकी आहे. परंतु व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे 200 तास विद्यार्थी ज्या विमानात काढणार, त्याविषयी लेखात एक वाक्यही नाही. उड्डाण प्रशिक्षक म्हणून उमेदीची सगळी वर्षे घालवल्यामुळे ही उणीव मला फार जाणवली. प्रवेशाच्या वेळी पालकही समोर आधुनिक डिजिटल पडदे आहेत का, विमान नवे आहे का, एवढेच विचारतात. ते विमान हाताखाली कसे वागते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

आपल्याकडच्या प्रशिक्षण संस्थांत प्रामुख्याने दिसणारी सेस्ना 172 आणि डायमंड डीए 40 ही दोन्ही विमाने चांगलीच आहेत, पण त्यांचे स्वभाव निराळे आहेत. सेस्नाचे पंख वर, धातूचे. डायमंडचे खाली, संमिश्र तंतूंचे आणि लांब. सेस्नातून खालची जमीन छान दिसते, मात्र वळताना खाली झुकलेला पंख नेमकी वळणाकडची बाजू झाकतो. डायमंडमध्ये वळणाची बाजू मोकळी असते आणि खालचे दृश्य पंखाआड जाते. धावपट्टीकडे येताना वरच्या पंखाचे विमान खाली आणि खालच्या पंखाचे विमान त्याच्या डोक्यावर, अशी स्थिती आली तर दोघांनाही एकमेक दिसत नाहीत. दोन्ही प्रकारची विमाने एकाच धावपट्टीवर उडवणाऱ्या संस्थेत हा धोका पहिल्याच दिवशी शिकवला गेला पाहिजे.

खरा फरक जमिनीवरच सुरू होतो. सेस्नाचे पुढचे चाक स्प्रिंगद्वारे रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) पेडलांना जोडलेले असते, त्यामुळे पाय दाबला की नाक वळते. डायमंडचे पुढचे चाक मोकळे फिरते. हळू चालताना दिशा राखायची ती एका बाजूचा ब्रेक हलकेच दाबून. साठ तास सेस्नावर झालेला माझा एक विद्यार्थी पहिल्यांदा डायमंडमध्ये बसला, तेव्हा टॅक्सीवेच्या (धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेच्या) पिवळ्या रेषेवर त्याने डावे पेडल पार तळापर्यंत दाबले आणि विमान सरळच जात राहिले. त्याने घाबरून ब्रेक दाबला तो इतका, की नाक गवताकडे वळले. मुलगा हुशार होता. त्याचे पाय दुसऱ्या विमानाची सवय पाळत होते, इतकेच.

हवेतही तसेच. सेस्नात फ्लॅप (पंखांच्या मागच्या, उतरताना खाली सोडायच्या पट्ट्या) पूर्ण खाली असताना उतरणे रद्द करून थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे केला, तर नाक जोराने वर उठते. योक (हातातले सुकाणू) घट्ट पुढे धरून फ्लॅप लगेच 20 अंशांवर आणावे लागतात. तो हाताला जाणवणारा जोर एकदा अनुभवला की विद्यार्थी ट्रिमचे (हातावरचा जोर हलका करणाऱ्या योजनेचे) महत्त्व कधी विसरत नाही. डायमंडची परीक्षा धावपट्टीच्या टोकाशी होते: वेग थोडा जरी जास्त राहिला, तरी ते लांबपर्यंत तरंगत जाते आणि खाली टेकायला तयार होत नाही. स्टॉलमध्ये, म्हणजे नाक फार वर जाऊन पंखांची उचल तुटते तेव्हा, मात्र ते इतके समजूतदार, की स्टिक (नियंत्रणाची दांडी) पूर्ण मागे ओढली तरी बहुधा डुलत डुलत खाली बसत जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा गुणच आहे, पण फक्त त्यावर शिकलेल्याला एका बाजूचा पंख अचानक खाली झुकणे म्हणजे काय याची कल्पना कमी राहते, असे माझे मत आहे.

पूर्वीची प्रशिक्षण विमाने आणखी निराळी होती. एचटी-2 हे विमानरचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले प्रशिक्षण विमान 1951 मध्ये उडाले. त्याचे तिसरे चाक शेपटीखाली होते, आणि पुढे फ्लाइंग क्लबांत आलेल्या पुष्पक या छोट्या विमानाचेही तसेच. धावताना पाय क्षणभर गाफील राहिले की अशी विमाने गर्रकन फिरत. ते दिवस परत आणावेत असे मी म्हणत नाही. रडर शिकवण्याचे काम तेव्हा विमान स्वतः करत असे, आता ते प्रशिक्षकाने मुद्दाम करावे लागते, एवढेच म्हणणे आहे.

इंधनाचाही फरक आहे. पेट्रोलवरच्या सेस्नात टाकी निवडायचा खटका सहसा 'दोन्ही'वर असतो आणि मिक्श्चर (इंधन आणि हवेचे प्रमाण) हाताने लावायचे असते; डायमंडचा डीए 40 एनजी हा प्रकार जेट इंधनावर चालतो आणि तिथे इंजिनासाठी एकच लिव्हर असते. विदर्भाच्या उन्हाळ्यात, समुद्रसपाटीपासून 1,000 फुटांवरच्या धावपट्टीवर 44 अंश तापमान असेल, तर हवा सुमारे 4,700 फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. अशा दुपारी इंजिनाची ताकद का घटली, हे मिक्श्चर हाताळलेल्या मुलाला लवकर उमगते.

म्हणून प्रशिक्षण संस्थांना माझी विनंती आहे, की पहिल्या सोलोपर्यंत (एकट्याने केलेल्या उड्डाणापर्यंत) विद्यार्थ्याला एकाच प्रकारच्या विमानावर ठेवावे. विमाने दुरुस्तीला गेली म्हणून मध्येच बदल करावा लागलाच, तर जमिनीवरचा स्वतंत्र पाठ आणि प्रशिक्षकासोबत पुरेशी उतरणी झाल्याखेरीज एकट्याला सोडू नये, आणि या वाढीव तासांचा भार विद्यार्थ्यावर टाकू नये. पालकांनीही पैसे भरण्यापूर्वी ही हमी लेखी मागावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, पुणे