झडपेच्या संसर्गात ईसीजी रोज हवा

महोदय,

हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला की झडप गळू लागते, तिच्यावरचे जंतूंचे गोळे सुटून मेंदूत जाऊ शकतात, हे वॉर्डात सर्वांना ठाऊक असते. झडपेच्या मुळाशी धरलेला पू, म्हणजे गळू, मात्र नजरेतून निसटतो. तो काही फार दुर्मीळ नाही, आणि झाला तर नुसत्या अँटिबायोटिकने सहसा आटोक्यात येत नाही.

महाधमनीची झडप ज्या कड्यात बसते, त्याला लागूनच ठोक्याचा विद्युत संदेश वरच्या कप्प्यांतून खाली नेणारा तंतूंचा जुडगा जातो. पू तिथवर पोचला की संदेश रेंगाळतो आणि ईसीजीवर पीआर अंतर वाढते. कागद सेकंदाला 25 मिमी सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन 0.04 सेकंदांचा. मोठ्या माणसात पी लाटेच्या (वरच्या कप्प्यांची खूण) सुरुवातीपासून क्यूआरएसच्या (खालच्या कप्प्यांची खूण) सुरुवातीपर्यंत, म्हणजे पीआर अंतराला, तीन ते पाच चौकोन चालतात. दाखल होताना साडेतीन होते आणि आज पाच भरले, तरी मशीन ‘नॉर्मल’च छापते, कालचा कागद तिला कुठे माहीत असतो? म्हणून पहिल्या दिवसाचा ईसीजी केसपेपरला लावून ठेवावा आणि रोजचा त्याच्याशेजारी धरून पाहावा.

डिजॉक्सिन आणि बीटा ब्लॉकर या हृदयाच्या औषधांनीही हे अंतर वाढते, तेव्हा आधी औषधांचा तक्ता बघावा. तिथे कारण सापडले नाही तर त्याच दिवशी घशातून नळी उतरवून इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा. छातीवरून केलेल्या इकोत असे गळू अनेकदा दिसत नाही. नळीच्या इकोतही सुरुवातीला ते चुकू शकते. संशय राहिला तर पाच-सात दिवसांत पुन्हा करावा. ईसीजी बदलला नाही म्हणजे गळू नाही, असेही समजू नये. योग्य औषध सुरू असून आठवड्यानंतरही ताप हटत नसेल, तर शोध चालूच ठेवावा.

आणखी एक प्रकार, हा मात्र दुर्मीळ: झडपेवरचा गोळा सुटून थेट हृदयाच्याच रक्तवाहिनीत अडकतो. बरेच दिवस ताप असलेल्या रुग्णाच्या छातीत कळ आली, ईसीजीत हार्ट अटॅक दिसला, की सवयीने गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याकडे हात जातो. इथे ते देऊ नये, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मोठा असतो. अँजिओग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी रुग्ण हलवावा आणि चिठ्ठीवर तापाचे दिवस ठळक लिहावेत.

– एक हृदयरोगतज्ज्ञ, पुणे