‘नुसकान’ आणि ‘ब्रिड’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या गिरणी कामगारांच्या कवितेवर लेख आला होता. असा विषय मराठी वर्तमानपत्रात वाचायला मिळाला याचा आनंद झाला. मात्र लँकेशर या तिथल्या गिरण्यांच्या परगण्याच्या बोलीतलं लेखन ‘मुख्यतः करमणुकीचं’ होतं आणि या कवींनी प्रमाण इंग्रजीत लिहिलं असतं तर ते अधिक दूर पोहोचले असते, हे लेखातलं मत मला पटलं नाही. म्हणून हे पत्र.

माझे वडील कापड गिरणीत विणकर होते. शंभराच्या वर माग एकाच वेळी धडधडत असले की शेजारच्या माणसाचा आवाजही कानापर्यंत येत नाही, म्हणून खात्यातली माणसं ओठांनी बोलत. शब्द सावकाश, ओठ पुरते उघडून, बिनआवाजाचा. वडिलांची ती सवय घरीही सुटली नाही. जेवताना मान वर करून ते नुसते ओठ हलवत आणि आई भाकरी वाढे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे बोलतात.

पुढे कळलं, लँकेशरच्या विणकरांचीही अशीच ओठांची भाषा होती आणि तिला नावसुद्धा होतं, ‘मी-मॉइंग’. तिथल्या गिरण्यांतल्या बाया रस्त्याच्या या बाजूने त्या बाजूच्या मैत्रिणीशी आवाज न काढता गप्पा मारत. ज्यांचे दिवसाचे दहा-बारा तास अशा गोंगाटात जात, त्यांना घरी आल्यावर मोकळं बोलायला जी भाषा होती ती त्यांची बोली. पुस्तकी इंग्रजी होती शाळेची, चर्चमधली, मालकाच्या कचेरीतली. करमणूक होती, नाही कोण म्हणतो? पण भूक, बाळंतपण, उधारी, नवऱ्याचं दारूचं व्यसन हे सगळं त्याच भाषेत घडत होतं, तर ते लिहायचं दुसऱ्या कुठल्या भाषेत?

दूर पोहोचण्याबद्दल बोलायचं तर एडविन वॉचं उदाहरण पुरे आहे. हा रॉचडेलच्या चांभाराचा मुलगा. बाप लवकर गेला, आईने हलाखीत वाढवलं, पुढे तो छापखान्यात उमेदवारीला लागला. 1856 मध्ये मँचेस्टरच्या एका वर्तमानपत्रात त्याची बोलीतली कविता छापून आली. दारूच्या गुत्त्यात बसलेल्या नवऱ्याला बायको सांगते आहे, पोरं जागी आहेत, घरी ये. एवढाच विषय. लोकांनी ती इतकी उचलली की कार्डावर वेगळी छापून विकावी लागली, आणि पुढे बॅरोनेस झालेल्या लंडनच्या दानशूर बर्डेट-कूट्स बाईंनी वाटण्यासाठी हजारो प्रती मागवल्या. प्रमाण इंग्रजीत हीच कविता झाली असती तर ती दारूबंदीवरचं आणखी एक प्रवचन म्हणून विसरली गेली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तिच्यात जी हाक आहे ती त्या बाईच्या तोंडची आहे. मी ती वाचली तेव्हा कानात माझ्या आईची अहिराणीच वाजली: घर ये, पोरं वाट देखी ऱ्हायनात.

पण माझ्या मनात घर करून आहे तो सॅम्युएल लेकॉक. तो मूळचा यॉर्कशरच्या मार्सडेनचा. नवव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागला, अकराव्या वर्षी आईबापांबरोबर स्टेलीब्रिजला आला आणि सुती कापडाच्या गिरणीत विणकर झाला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशरचा बहुतेक सगळा कापूस तिथून येई, तो थांबला. 1862 च्या अखेरीस सुमारे 5 लाख माणसं मदतीवर जगत होती. लेकॉकचीही नोकरी गेली. तो आठवड्याच्या आठवड्याला कविता लिहून छापू लागला, आणि बेकार माणसं त्या गल्लोगल्ली गाऊन चार पैसे मिळवू लागली.

त्यातल्या एका कवितेत बाप नुकत्याच जन्मलेल्या लेकराशी बोलतो. ये बाळा, तू आम्हाला हवंच आहेस, पण आत्ता यायला नको होतंस, दिवस वाईट आहेत. लेकराला तो म्हणतो ‘बॉनी ब्रिड’. ब्रिड म्हणजे बर्ड, पाखरू. ‘र’ची जागा वेगळी, एवढंच. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. सहावीत असताना मी निबंधात ‘पावसाने कपाशीचं नुसकान झालं’ असं लिहिलं होतं. गुरुजींनी त्या एका शब्दाला लाल शाईने तीन वेळा गोल केला आणि वर्गापुढे मोठ्याने वाचून दाखवला. वर्ग हसला. त्या वर्षी आमची कपाशी खरोखरच गेली होती, ते कोणी विचारलं नाही. ‘ब्रिड’-‘बर्ड’मध्ये जे घडलं तेच ‘नुकसान’-‘नुसकान’मध्ये घडलं आहे, अक्षरांची अदलाबदल. तिकडे त्या शब्दाची कविता झाली.

आम्हा खानदेशकरांना लेकॉक जवळचा वाटावा याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर लँकेशरला मुंबईहून कापूस जाऊ लागला. त्यात खानदेश-वऱ्हाडचाही माल होता, पण तिकडे सगळ्या हिंदी कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि विणकरांच्या तोंडी त्याचं ‘शुरत’ झालं. हा कापूस आखूड धाग्याचा, वर कचऱ्याने भरलेला. सूत सारखं तुटे. दर वेळी माग थांबवून गाठ मारायची, आणि मजुरी तर विणलेल्या कापडावर. लेकॉकच्या विणकराच्या गाण्यात हा शुरतचा वैताग शब्दाशब्दाला आहे: पाठ मोडली, बोटं दुखून आली, तुटलेले धागे शोधता शोधता डोळे जायची पाळी आली. देवा, कापूस दे, पण शुरत नको, अशी प्रार्थना तिथे झाल्याचं सांगतात. त्याच चार वर्षांत मुंबईत कापसाचा पैसा पाण्यासारखा वाहत होता, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरवर उड्या पडत होत्या, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. इतिहासाच्या पुस्तकात आपण ही तेजी-मंदी शिकतो. आपल्याच शेतातल्या बोंडाने तिकडच्या बाईची बोटं सोलवटली, हे मला शिकवलं ते बोलीतल्या एका गाण्याने.

लेखकाचा एक मुद्दा मात्र मान्य करतो. या कवितेत घर-चूल-लेकरं यांचा गोडवा फार आहे, आणि सोसा, दिवस पालटतील असा सूरही. 1863 मध्ये स्टेलीब्रिजला बेकारांना मदतीत रोख पैशांऐवजी दुकानात चालणारी तिकिटं देऊ लागले म्हणून लोकांनी दंगा केला, तो राग या कवितांत त्या मानाने कमीच उतरला. वॉ तर घरी ये म्हणणारी कविता लिहून स्वतः बायकोपासून वेगळा राहिला. या त्रुटी दाखवाव्यात. पण त्या माणसांच्या आणि काळाच्या त्रुटी आहेत, बोलीच्या माथी त्या का मारायच्या?

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे मँचेस्टरला गेलो असताना रॉचडेलच्या ब्रॉडफील्ड पार्कमध्ये मुद्दाम जाऊन आलो. तिथे बोलीत लिहिणाऱ्या चार लेखकांचं दगडी स्मारक आहे, 1900 साली उभारलेलं. वॉ त्यात आहेच. पण मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो तो मार्गारेट लेही या बाईंसमोर. त्या जन्माने आयर्लंडच्या. परक्या मुलखात आल्या, तिथल्या कष्टकऱ्यांची बोली कानाने शिकल्या आणि तिच्यात लिहिलं. गावाने त्यांना आपल्या लेखकांत दगडावर जागा दिली.

आपल्याला एकच विनंती आहे. पुढच्या वेळी अशा कवितांची भाषांतरं छापाल तेव्हा ती एखाद्या बोलीत करून घ्या, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कोणतीही चालेल. लेखासोबत दिलेला लेकॉकच्या ओळींचा अनुवाद अचूक असेल, पण त्यात ‘शिशू’ आला आणि ‘आगमन’ आलं. स्टेलीब्रिजच्या बेकार विणकराने आपल्या पोराला शिशू म्हटलं नसतं.

त्या कवितेचा मी केलेला अहिराणी अनुवाद सोबत जोडला आहे. ‘ब्रिड’साठी मी ‘चिडी’ घेतलं आहे, आमच्याकडे चिमणीला तेच म्हणतात. छापण्याजोगा वाटला तर जरूर छापावा. मुद्रितशोधकांना एवढंच सांगावं की तिसऱ्या कडव्यातला ‘नुसकान’ दुरुस्त करू नये.

कळावे,
आपला एक जुना वाचक
(निवृत्त शिक्षक, जि. जळगाव)