वर्ष 10 डिसेंबरलाच संपलं का हो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

29 डिसेंबर 2024 च्या रविवारची सरत्या वर्षाची पुरवणी वाचली, म्हणजे अगदी जाहिरातींसकट वाचली. ट्रम्प परत निवडून आले, शेख हसीनांना ऑगस्टमध्ये देश सोडून पळावं लागलं, मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सगळं आहे त्यात. फक्त बुद्धिबळातला आपला गुकेश बिचारा अजून सिंगापूरला डिंग लिरेनशी जगज्जेतेपदासाठी खेळतोच आहे! अहो 12 डिसेंबरलाच जिंकला की तो, चौदाव्या डावात डिंगनं हत्ती नको त्या घरात नेला आणि 18 वर्षांचं पोरगं जगज्जेतं झालं, रडत रडत त्यानं पटावरचे मोहरे परत जागच्या जागी लावून ठेवले ते अख्ख्या देशानं मोबाईलवर पाहिलं, आणि तुमच्याकडे 'लढत रंगात'.

पुरवणीची पानं आधी लागतात, छपाईचं आणि जाहिरातींचं गणित असतं, हे कळतं. पण मग डिसेंबरचे शेवटचे वीसेक दिवस कुणाचेच नाहीत का, यंदाच्या पुरवणीत नाहीत आणि पुढची तर 1 जानेवारीपासून सुरू होणार. पुरस्कारांच्या पानावर झाकीर हुसेन यांचे फेब्रुवारीतले तीन ग्रॅमी आहेत, छान चौकट करून. श्रद्धांजलीच्या पानावर रतन टाटांना अर्धं पान (योग्यच आहे), पण 15 डिसेंबरला गेलेले झाकीरभाई नाहीतच! माहीमला वाढलेला माणूस हो तो. 18 ला गेटवेसमोर नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या बोटीवर आदळून माणसं गेली, 23 ला श्याम बेनेगल गेले, 26 ला मनमोहन सिंग, कुठेच काही नाही. आणि ज्या रविवारी पुरवणी दारात पडली त्याच सकाळी दक्षिण कोरियात मुआनला विमानाला अपघात होऊन 179 जण गेले. 2004 ची त्सुनामीपण 26 डिसेंबरचीच, तेव्हाच्या पुरवण्यांचं काय झालं असेल देव जाणे.

कोरियावरून आठवलं, तिथल्या लेखिका हान कांग यांना साहित्याचं नोबेल एवढीच एक ओळ आहे. त्यांच्या देशात 3 डिसेंबरच्या रात्री मार्शल लॉ लागला, खासदारांनी रातोरात मतदान करून तो उठवायला लावला आणि त्यानंतर आठवड्याभरात या बाई स्टॉकहोमला पारितोषिक घ्यायला उभ्या. एवढी मोठी बातमी हातची गेली ना.

खेळाच्या पानाबद्दल मात्र तारखेची सबब चालणार नाही. बार्बाडोसमध्ये टी-20 वर्ल्ड कपच्या फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये सूर्यकुमारनं दोरीपाशी मिलरचा कॅच आत उडवला, बाहेर जाऊन परत आत येऊन धरला, त्याचे तीन फोटो दिलेत, द्या, मलाही आवडतात. स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं ब्राँझही नीट आलंय, खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक, राधानगरी तालुक्यातला पोरगा, आम्ही कोल्हापूरकर खूश. पण ऑलिम्पिकच्या 6 पदकांना अर्धं पान आणि पॅरालिम्पिकच्या 29 पदकांना चार ओळी, हा कुठला हिशोब? आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींनी गोळा 16.32 मीटर फेकून सिल्व्हर आणलं, त्यांचं नावसुद्धा नाही! सिनेनटांच्या लग्नांना मात्र पानभर जागा निघते.

माझं म्हणणं एवढंच, पुरवणी 31 डिसेंबरच्या आत काढायची सक्ती आहे का? जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी काढा, तोवर कॅलेंडरं वाटून झालेली असतात, वाचायला निवांतपणा पण असतो. ते जमत नसेल तर यंदापुरतं निदान एक जोडपान छापा 11 ते 31 डिसेंबरचं, आणि त्यात तेवढा खिलारींचा फोटो घ्या, सप्टेंबरचा असला तरी.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोल्हापूर