सूचना : रविवारच्या वाचनाआधी परसेप्ट्रॉन हाताने सोडवून आणा

सर्व सभासदांना,

जळगावचं ऊन पाहता या रविवारची बैठक सकाळी ८ वाजताच सुरू होईल. भुसावळ, चाळीसगावकडच्या मंडळींनी गाडी त्या हिशेबाने धरावी.

परसेप्ट्रॉनचं (इनपुट पाहून ० किंवा १ उत्तर देणाऱ्या, चुकांमधून शिकणाऱ्या साध्या गणिती रचनेचं) प्रकरण नुसतं वाचून येऊ नका. फ्रँक रोझेनब्लॅट यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही रीत कागदावर पूर्ण करता येते आणि पुढची बरीचशी न्यूरल नेटवर्क (अशा अनेक रचना जोडून बनवलेली जाळी) तिच्याच कल्पनेवर उभी आहेत.

उदाहरण ‘अँड’चं घ्या: दोन्ही इनपुट १ असतील तरच उत्तर १, नाहीतर ०. सुरुवातीला दोन्ही वजनं (इनपुटला गुणायचे आकडे) ० आणि बायसही (बेरजेत थेट मिळवायचा आकडा) ०. नोंदींचा क्रम ००, ०१, १०, ११. प्रत्येक इनपुट त्याच्या वजनाने गुणून बेरीज करा, त्यात बायस मिळवा; ही बेरीज ० पेक्षा जास्त आली तरच उत्तर १. उत्तर चुकलं की अपेक्षित उत्तरातून आलेलं वजा करा, त्याला इनपुटने गुणा आणि वजनात मिळवा. बायसमध्ये तोच फरक थेट मिळवा. चारही नोंदी एकदा झाल्या की एक फेरी. पाचव्या फेरीअखेर वजनं २ आणि १, बायस उणे २ येतो. सहावी फेरी बिनचूक जाते.

बायस विसरला तर गणित कधीच थांबणार नाही, कारण नोंदी आलेखावर टिंबं म्हणून मांडल्या तर ० आणि १ उत्तरांची टिंबं विभागणारी रेषा शून्यबिंदूला बांधलेली राहते. बहुतेकांचं इथेच अडतं. बायस प्रत्येक चुकीला बदलतो, ०० वरसुद्धा.

मग ‘एक्सॉर’ (दोनपैकी नेमकं एकच इनपुट १ असेल तरच उत्तर १) करून पाहा. तेही थांबणार नाही, पण तिथे आकडेमोडीत दोष शोधू नका: एका सरळ रेषेने ती चार टिंबं वेगळी होतच नाहीत. न्यूरल नेटवर्कमध्ये इनपुट आणि उत्तर यांच्या मधला थर का लागतो, ते तिथूनच कळतं.

चौकटीची वही आणि पेन्सिल आणा. मोबाईलवरचा तयार कोड या वेळी नको.