सोमवारचे कडधान्य रविवारी रात्री भिजते

मा. संपादक,

जून लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत मुलांच्या डब्यासाठी नव्या पाककृती येऊ लागतात. त्या हव्यातच. पण तीन ते सहा वर्षांचे मूल असलेल्या घरात गाडे अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. दुपारी दीडला मूल भुकेने कासावीस होऊन घरी येते, आणि तेव्हा कडधान्य भिजलेले नसते, नारळ खवलेला नसतो, भाजी निवडलेली नसते. मग कालचे हुमण (माशाची आमटी) तापवून किंवा पोदेराचा (पाववाल्याचा) उंडो, म्हणजे गोल पाव, चहात बुडवून वेळ मारून नेली जाते. आईवडील दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात तर हे नेहमीचेच. पाककृती कितीही चांगली असो, आदल्या रात्रीचे पाच मिनिटांचे काम राहिले की ती कागदावरच राहते. त्या पाच मिनिटांबद्दल सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्र.

हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो : रविवारी आठवड्याचा सगळा स्वयंपाक उरकून डबे फ्रीजमध्ये रचून ठेवा. गोव्यात, त्यातही पावसाळ्यात, हा सल्ला आम्ही देत नाही. ओल्या नारळाचे वाटण घातलेली आमटी फ्रीजमध्येही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबूस होते. शिजवलेले कडधान्य तीन दिवसांपुढे आणि शीत, म्हणजे भात, एका दिवसापुढे ठेवू नये. शीताचा धोका पुष्कळांना ठाऊक नसतो. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदूळ शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात तासनतास पातेल्यात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचे विष भातात तयार होते. एकदा ते झाले की भात कितीही तापवला तरी जात नाही. म्हणून उरलेले शीत पातेल्यात झाकून न ठेवता पसरट ताटात काढावे आणि तासाभरात निववून फ्रीजमध्ये टाकावे. त्यात पावसाळ्यात वीज जाते. दार उघडले नाही तर फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर त्यातले शिजलेले अन्न लहान मुलांना देऊ नये. तेव्हा शिजवणे रोजचे रोजच करावे. आधी करून ठेवायची ती भिजवणे, वाटणे, निवडणे ही कच्ची तयारी. ती हाताशी असेल तर रोजचे जेवण अर्ध्या तासात होते.

गोव्यातल्या बहुतेक हिंदू घरांत सोमवार आणि गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतात. आठवड्याचा बेत आखायला याहून चांगली खुंटी नाही. शिवराकी दिवशी मुलाच्या ताटातली प्रथिने कडधान्यातून यायची असतील तर भिजवण्याच्या रात्री ठरूनच गेल्या : रविवार आणि बुधवार. या दोन रात्री भांडी घासून झाली की कडधान्याचे पातेले ओट्यावर आलेच पाहिजे.

चार जणांच्या घराला आळसांद्यांच्या (चवळीच्या) तोणकासाठी, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या रस्सा उसळीसाठी, एक वाटी, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम, कोरडे आळसांदे पुरतात. भिजवताना दोन वाट्या भिजवा. शिजून ते अडीच पट होतात. अर्ध्यांचे सोमवारी दुपारी तोणक करा, उरलेले कोरडे निथळून फ्रीजमध्ये ठेवा आणि मंगळवारी संध्याकाळी जिऱ्याच्या फोडणीवर परतून कोंड्याच्या पोयीत भरून द्या. आठ ते दहा तास भिजवणे पुरे. आपल्या हवेत बारा तासांवर गेले की पाण्याला फेस येतो आणि वास मारतो. उशीर होणार असेल तर पातेले फ्रीजमध्ये सरकवा.

आळसांदे शिजत नाहीत ही तक्रार नेहमीची, आणि तिची कारणे दोन. एक, सोल (कोकम) किंवा टोमॅटो आधीच घातलेला असतो. आंबटाने कडधान्याची साल आणि गर मऊ होत नाही, म्हणून सोल नेहमी शिजल्यावर घालावे. दुसरे, माल जुना असतो. दमट आणि गरम हवेत महिनोन्‌महिने राहिलेले कडधान्य आतून असे घट्ट होते की कुकरच्या सहा शिट्ट्यांनाही दाद देत नाही. दोन-तीन किलो स्वस्तात मिळते म्हणून भरून ठेवण्यापेक्षा पंधरा दिवसांपुरते घ्यावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. शिजावे म्हणून चिमूटभर सोडा घालण्याची सवय मात्र सोडावी; सोड्याने ब१ जीवनसत्त्व नष्ट होते.

गुरुवारच्या मुगागाठीचे, म्हणजे मोड आलेल्या मुगाच्या रश्शाचे, गणित थोडे वेगळे, कारण मुगाला मोड यायला हवेत. त्यासाठी मूग मंगळवारी रात्री भिजत घालावे, बुधवारी सकाळी पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधावे, रात्रीपर्यंत मोड येतात. मग डबा फ्रीजमध्ये. मोड चिकट होऊन वास येतो तो पाणी नीट न निथळल्यामुळे. पावसाळ्यात पुरचुंडी चाळणीत ठेवून खालून हवा खेळू द्यावी. बुधवारच्या रात्री मग सोलायचे काम उरते. चार-पाच वर्षांची मुले पाण्यातल्या मुगाची साले काढायला आनंदाने बसतात, आणि स्वतः सोललेले मूग ताटात आले की चाखूनही बघतात. कच्चे मोड मात्र पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते. मूग चांगले शिजवूनच द्यावेत.

आता वाटण. रोज नारळ खवून मिक्सर लावण्यातच संध्याकाळची वीस-पंचवीस मिनिटे जातात. रविवारी दोन नारळांचे खोबरे, दोन मोठे चमचे धणे आणि हळद एवढेच अगदी बारीक वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरावे आणि गोठल्यावर तुकडे डब्यात काढून फ्रीजरमध्येच ठेवावेत. चार जणांच्या एका आमटीला पाच-सहा तुकडे लागतात. कांदा यात घालू नये, वाटून ठेवलेला कच्चा कांदा कडवट होतो. मिरचीही घालू नये, आणि याचा खरा फायदा मुलांना होतो. आमटी मिरचीशिवाय उकळली की मुलाची वाटी आधी काढून घ्यायची, मग मोठ्यांसाठी मिरचीचे वाटण आणि तिरफळे घालून पुन्हा एक उकळी द्यायची. मुलासाठी वेगळा स्वयंपाक करायची वेळ येत नाही, आणि मूल तेच जेवते जे घर जेवते. गोठवलेले वाटण कधी कधी फुटते, पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे होतो. ते जाडसर वाटल्याने किंवा आमटी खळखळ उकळल्याने होते. मंद आचेवर ढवळत राहिले की मिळून येते.

मासळीच्या दिवशी आधी आखायची असते ती बाजारातून घरापर्यंतची वाट. बांगडा, तारले (पेडवे), कुपा (ट्यूना) हे मासे उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत तासभर राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होऊ लागते. ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर मुलाचा चेहरा लाल होतो, अंगावर गांध्या उठतात, आणि घरचे समजतात की मुलाला मासळीच सोसत नाही. मग मासळी कायमची बंद होते. बांगडे घ्यायचे तर बर्फासह, आणि कार्यालयातून परतताना नव्हे तर थेट घरी जाणार असू तेव्हा. साफ करून, हळद-मीठ लावून, एका वेळेपुरत्या पुड्या करून लगेच गोठवावेत. लहान मुलांना काट्यांमुळे तारल्यांपेक्षा इसवणाची (सुरमईची) तुकडी किंवा बांगड्याचा पाठीकडचा भाग सोपा. तोही बोटांनी कुस्करून, काटा तपासूनच. मोरी (शार्क) मुलांना वारंवार नको, मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठलेला असतो.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. नेमकी तेव्हाच बहुतेक घरांत ताटातली प्रथिने कमी होतात आणि सुक्या मासळीवर भागवले जाते. गालम्याची, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीची, किसमूर (कोशिंबीर) चविष्ट असते, पण तिच्यात मीठ फार. सुकी मासळी अर्धा तास पाण्यात ठेवून, ते पाणी टाकून मगच वापरावी आणि मुलाला चवीपुरतीच द्यावी. एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही. या दोन महिन्यांत अंडी वाढवावीत. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे सोळा ग्रॅम आहे.

संध्याकाळचे पाच ही बेतातली सर्वांत दुर्लक्षित वेळ. या वेळी मुलाला चहा, बिस्किटे, टोस्ट, फरसाण मिळते आणि रात्री ते जेवत नाही. मग रात्री दूध पाजले जाते, सकाळी भूक नसते, आणि चक्र सुरूच राहते. चहातली टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या ६ ते ५९ महिने वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांत रक्तक्षय आढळला. आपण काही दुष्काळी प्रदेशात राहत नाही. तांबडी भाजी, कडधान्ये, मासळी सगळे दाराशी येते. म्हणूनच हा आकडा आम्हाला अस्वस्थ करतो. मुलांना चहा नकोच. दूध दिवसाला चारशे ते पाचशे मिलीच्या वर गेले की पोट त्यानेच भरते, आणि दुधात लोह जवळजवळ नसते. तांबड्या भाजीवर किंवा उसळीवर लिंबू पिळावे, नाही तर जेवणानंतर पेरूची फोड द्यावी. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतले लोह अंगी लागते.

पाच वाजता मग द्यायचे काय? उकडलेले रताळे, साळदाटी केळे, अंडे, किंवा तिझान, म्हणजे नाचणीची खीर. तिझानासाठी दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ एक वाटी थंड पाण्यात कालवून घ्यावे. गरम पाण्यात टाकले की गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा मोडत नाहीत. सात-आठ मिनिटे ढवळत शिजवावे, कमी शिजली तर नाचणी घशाला खरखरते. शेवटी चमचाभर गूळ आणि नारळाचा रस. हे खाणे आणि रात्रीचे जेवण यांत दोन-अडीच तासांचे अंतर हवे, आणि त्या मधल्या वेळात पाण्याशिवाय काही नको. आजी-आजोबा घरी असतील तर ही गोष्ट त्यांच्याशी प्रेमाने बोलून घ्यावी. सगळा बेत फसतो तो पुष्कळदा साडेसहाच्या एका बिस्किटाने.

ताटात किती वाढायचे? वयाच्या प्रत्येक वर्षामागे एका पदार्थाचा एक मोठा चमचा. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे शीत, तीन चमचे तोणक, भाजी तितकीच. संपले आणि मागितले तर पुन्हा वाढावे. मोठ्यांच्या मापाने भरलेले ताट बघूनच मूल तोंड फिरवते. काय आणि कधी खायचे हे आईवडिलांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने. नवी भाजी पहिल्याच दिवशी आवडेल अशी अपेक्षा ठेवू नये. दहा-पंधरा वेळा ताटात दिसल्यावर मूल ती खाऊ लागते, आणि बहुतेक घरे तिसऱ्या-चौथ्या नकारावर थांबतात. आवडीच्या पदार्थाशेजारी एक चमचा वाढत राहावे, मागे लागू नये. अख्खे शेंगदाणे, अख्खे चणे, द्राक्षे चार वर्षांखाली देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. चणे कुस्करून, द्राक्षे उभी चिरून द्यावीत.

शेवटी शाळांना एक विनंती. सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांना माध्यान्ह आहार मिळतो, पण कोणत्या दिवशी काय मिळणार हे पालकांना बहुधा ठाऊक नसते. शाळेत पाव-भाजी झाली त्याच दिवशी घरी संध्याकाळी पुन्हा पाव होतो, आणि उसळ मिळाली त्या रात्री घरीही उसळच. शिक्षक-पालक संघांनी पुढच्या आठवड्याची आहाराची यादी दर शनिवारी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकावी. रविवारी रात्री काय भिजत घालायचे ते त्यावरून ठरवता येईल.

आपल्या,
बालआहाराचे मार्गदर्शन करणाऱ्या दोन आहारतज्ज्ञ, फोंडा